सगळं धरून किती?

मुन्नारच्या हॉटेलात दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला आणि नानांचा हात परत बंडीच्या आतल्या खिशाकडे गेला. मी बघतच होते. आदल्या दिवशी कोचीला उतरल्यापासून हे चाललं होतं, चहा आला की हात खिशात, पाण्याची बाटली हातात दिली की हात खिशात, कुठल्या गेटमधून आत जायचं म्हटलं की हात खिशात, आणि मग माझ्याकडे वाकून, बाजूच्यांना ऐकू जाणार नाही असं हळूच, त्यांच्या अहिराणीत, "पैसा दिनात का?" मी म्हटलं, नाना, दिले ना, ऑगस्टमध्येच दिले, सगळ्याचे दिले. "चहाना बी?" चहाचे पण. त्यांनी हात बाहेर काढला, बशी सरळ केली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसतं धुकं होतं.

हे मी का लिहितेय तर गेल्या महिन्याभरात पाच-सहा जणांनी मला विचारलं, की तुम्ही केरळला पॅकेजने कशाला गेलात, महाग पडतं, आपलं आपण गेलं की स्वस्तात होतं. मी पण दहा वर्षं हेच म्हणत होते. आता मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते दोन वाक्यात सांगता येत नाही म्हणून बसून लिहितेय.

नाना म्हणजे माझे वडील. एस.टी.त कंडक्टर होते, एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी अमळनेर डेपोत. मशीन यायच्या आधीच्या काळातले, म्हणजे तिकिटांचा ट्रे, पंच आणि खांद्याला चामड्याची बॅग. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि रात्री डेपोत वे-बिल जुळवायचं, दोन रुपये कमी भरले तर ते स्वतःच्या पगारातून. असा माणूस सुट्टीवर गेला तरी मोजणं थांबत नाही. आम्ही लहान असताना कुठं गेलो की नाना रोज रात्री लॉजच्या खाटेवर बसून डायरीत खर्च लिहायचे, आम्ही झोपलेलो असायचो आणि चाळीसच्या बल्बखाली त्यांचं पेन चालू असायचं. ती १९९६ ची डायरी अजून आमच्याकडे आहे. पंढरपूर, कोल्हापूर, गणपतीपुळे, सहा दिवस, एस.टी.चा पास होता म्हणून गाडीभाडं जवळपास नाहीच. तरी एकूण खर्च ३,८४० रुपये आणि त्यात "किरकोळ" म्हणून जो रकाना आहे तो १,११५ रुपयांचा.

मी या वर्षी उन्हाळ्यात ते पान नीट वाचलं. किरकोळ म्हणजे काय, तर नारळ, चप्पल ठेवणे, हमाल, लिंबू सरबत, बादलीभर गरम पाणी, फुगा, होडी, परत चप्पल ठेवणे. शंभरातले एकोणतीस रुपये अशा गोष्टींत गेले ज्यांचा निघताना कुणी विचारच केला नव्हता. आणि नाना म्हणजे काय उधळा माणूस नाही, पै-पैचा हिशोब ठेवणारा माणूस, त्याचं हे झालं. तर मग आपल्यासारख्यांचं काय होत असेल.

आमचं काय झालं ते सांगते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही रत्नागिरी-गणपतीपुळ्याला गेलो, सहा जण, आम्ही दोघं, आमची मुलं श्रावणी आणि ओम, आई आणि नाना. नानांनीच सुचवलं होतं, त्यांना ते १९९६ चं परत बघायचं होतं. मी महिनाभर मोबाईलवर बसून सगळं बुक केलं, रूम स्वस्तात मिळाल्या, मला खूप भारी वाटत होतं. भुसावळहून मंगला पकडली की सरळ रत्नागिरी, त्याची तिकिटं वेगळी, बाकी चार रात्रींचे ३०,००० धरले होते. झाले ४६,७००. रूम स्वस्त होती कारण ती गावाबाहेर होती, आणि गावाबाहेर होती म्हणून प्रत्येक वेळी सहा जणांना दोन रिक्षा लागायच्या, जाताना दोन येताना दोन. नाश्ता रूममध्ये धरलेला नव्हता हे मला तिथं गेल्यावर कळलं. सहा माणसांचा नाश्ता, दोनदा चहा, दोन जेवणं, पाणी, आणि मे महिन्याचा उकाडा म्हणजे पोरांना सारखं काहीतरी थंड. समुद्रावर उंट, घोडागाडी, पाण्यातली स्कूटर. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण ते भरून निघतं, दोन महिने हात आखडला की निघतं. जे भरून निघालं नाही ते वेगळंच आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर आईस्क्रीमच्या गाडीजवळ ओम थांबला. सात वर्षांचं पोरगं. मला वाटलं आता हट्ट करणार. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "मम्मी, हे आपल्या बजेटमध्ये बसतं का?" मी त्याला घेऊन दिलं, दोन घेऊन दिले, पण ते वाक्य काय डोक्यातून गेलं नाही. तीन दिवस आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्या डोक्यावरून हेच बोलत होतो ना, किती झाले, कार्डातून गेले की कॅशमधून, उद्या ते कॅन्सल करू, परवा एक वेळ वडापाववर भागवू. आई तर दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागली, मला काय ते म्युझियम नको, मी इथंच बसते चपला सांभाळत. सहा जण समुद्रावर गेलो आणि सहाही जण मनातल्या मनात हिशोब करत होतो.

तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी जाईन तर एकदाच विचारून जाईन, सगळं धरून किती.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. बाजारात भरताची वांगी घ्या नाहीतर ट्रॅक्टर भाड्याने ठरवा, नाना शेवटी तेच विचारतात, "बठ्ठं धरीसन कितला?" लग्नाचा केटरर काय करतो, माणशी ताट ठरवतो. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, गोड काय ते, ताक, पाणी, वाढपी, भांडी, सगळं धरून ताटाचा एक आकडा. कुणी तीन बट्ट्या खाल्ल्या, कुणी पाच, आकडा तोच. टूर पॅकेज ह्याच्यापेक्षा काही वेगळं नाही.

आणि माझी आजी, म्हणजे नानांची आई, तिनं तर हे आमच्या सगळ्यांच्या आधी केलं होतं. तिचं माहेर मुक्ताईनगरकडचं. मुक्ताबाईची पालखी कोथळीहून निघते ती महिनाभराहून जास्त चालत पंढरपूरला पोचते, त्या दिंडीत आजी चार वर्षं गेली. दिंडीत भिशी असते. म्हणजे निघायच्या आधी माणशी ठरलेली रक्कम द्यायची, मग वाटेत दोन वेळचं जेवण, चहा, रात्रीचा तंबू, सामान वाहायला ट्रक, सगळं दिंडीचं. आजीच्या कमरेला पिशवी असायची, तिच्यात बुक्का, तंबाखूची डबी आणि थोडे सुट्टे. ती म्हणायची, एकदा भिशी भरली की मग डोक्यात फक्त विठोबा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, रोजचा हिशोब तिला जमलाच नसता आणि तरी ती इतकी लांब जाऊन आली, कुणाचं एक रुपयाचं देणं न ठेवता.

मजा अशी की माझ्या सहलीचे पैसे पण भिशीतूनच आले. दुसरी भिशी, आमच्या कॉलनीतली, वीस बायका, महिन्याला दोन-दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला चाळीस हजार. माझी चिठ्ठी जुलैमध्ये निघाली. बाकीचे ह्यांच्या आरडीचे. पॅकेजचा एक मोठा फायदा लोक बोलत नाहीत तो हा आहे, की आकडा आधी माहीत असतो म्हणून त्याच्यासाठी साठवता येतं. रत्नागिरीसाठी मी किती साठवायला पाहिजे होतं हे मला रत्नागिरीहून परत आल्यावर कळलं.

आमचा आकडा असा होता. केरळ, पाच रात्री, कोची ते कोची. ह्याला टूरवाले जॉइनिंग-लीव्हिंग म्हणतात, म्हणजे तिथपर्यंत तुम्ही तुमचं या. आपल्याकडच्या लोकांना हे फार सोयीचं आहे कारण मंगला एक्सप्रेस भुसावळ-जळगावहून थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या स्टेशनला, जाते, गाडी बदलायची नाही, दीड दिवसाचा प्रवास, डब्यात कळण्याच्या पुऱ्या आणि ठेचा. (सीनियर सिटिझनची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आई-नानांचं तिकीट पण पूर्ण लागलं, हे आधी धरून ठेवा.) माणशी १८,५०० असे चार मोठे, श्रावणीला एक्स्ट्रा बेड घेऊन १४,५००, ओमला बेड नको म्हणून ८,५००. झाले ९७,०००. त्यावर पाच टक्के जीएसटी, ४,८५०. एकूण १,०१,८५०. ह्यात हॉटेलं, तिन्ही वेळचं खाणं, संध्याकाळचा चहा, बस, सगळ्या ठिकाणची एन्ट्री तिकिटं, बोट, एक रात्र हाऊसबोट आणि ड्रायव्हर-वेटरची टिप. आम्ही वरून खर्च केला तो ६,४०० रुपये, मसाले, चिप्स आणि आईला एक साडी.

स्वस्त का पडतं तर त्यात जादू काही नाही. आमच्या ग्रुपमध्ये बत्तीस जण होते. हॉटेलवाल्याला दोन महिने आधीपासून माहीत की अमुक तारखेला बत्तीस ताटं लागणार, त्याची भाजी वाया जात नाही, खोल्या रिकाम्या राहत नाहीत, म्हणून तो टूरवाल्याला जो रेट देतो तो तुम्हाला-मला काउंटरवर उभं राहून कधीच मिळणार नाही. बसचं डिझेल तेवढंच, माणसं बत्तीस. आपण सहा जण स्वतंत्र गाडी करतो तेव्हा ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग, परतीचं रिकामं भाडं हे सगळं सहांच्याच डोक्यावर.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात थॉमस कुक नावाच्या माणसानं हेच ओळखलं होतं, मूळचा सुतारकाम करणारा माणूस. ५ जुलै १८४१ ला त्यानं रेल्वेशी बोलून लेस्टरहून लॉफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसं नेली, दारूबंदीच्या सभेला, माणशी एक शिलिंग, जाऊन-येऊन. एवढी माणसं एकदम आणतो म्हटल्यावर रेल्वेनं भाडं कमी केलं. नंतर १९५० मध्ये जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसानं मायोर्का बेटावर समुद्राकाठी तंबू लावले, क्लब मेड, राहणं-खाणं-खेळ सगळं एकाच पैशात. आज ज्याला आपण ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट म्हणतो त्याचं मूळ तिथलं. तिथं पुढे गळ्यातल्या माळेचे मणी देऊन बारमध्ये पेय मिळायचं, कारण पोहायच्या कपड्यात पाकीट ठेवणार कुठं. म्हणजे बघा, तिथं पण पेय वेगळंच होतं. सगळं म्हणजे नक्की काय काय, हे तेव्हापासूनच विचारावं लागतं.

आणि विचारावंच. ह्यांच्या ऑफिसातले एक जण अशाच "सगळं धरून" टूरला गेले आणि तिथं गेल्यावर कळलं की स्थळदर्शन धरलेलं होतं पण स्थळाचं तिकीट नव्हतं. बस गेटपर्यंत नेणार, आत तुमचं तुम्ही. चौघांचे रोजचे हजार-दीड हजार त्यातच गेले. कागदावर ते लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात शेवटच्या पानावर, पण कोण वाचतं.

हॉटेलवाले जी अक्षरं लिहितात ती एकदा समजून घेतली की पुष्कळ काम होतं. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक वेळा रात्रीचं. एपी म्हणजे तिन्ही वेळ. पण एपी म्हणजे ऑल इन्क्लुझिव्ह नव्हे हं, एपीमध्ये चार वाजताचा चहा, पाण्याच्या बाटल्या, मुलांचं सरबत ह्याचं बिल येऊ शकतं. मी फोनवर टूरवाल्यांकडच्या मुलीला एक-एक विचारत गेले. पाणी बसमध्ये मिळेल का, दिवसाला किती बाटल्या. दुपारचं जेवण रस्त्यात असेल तर कुणाचं. ट्विन शेअरिंगचा, म्हणजे दोघांत एक खोली असा, रेट सांगताय, मग एकटा माणूस असेल तर किती वाढतील. पाऊस पडून बोट कॅन्सल झाली तर त्याचे पैसे मिळतात का. जीएसटी धरून सांगताय का सोडून. ती मुलगी पंचवीस मिनिटं शांतपणे सांगत होती आणि मी वहीत लिहित होते, शेवटी म्हटलं हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, तिनं पाठवलं. ते पाठवत नसतील तर तिथून घेऊच नका.

ज्यांना एवढं पण जड जातं त्यांच्यासाठी रेल्वेच्या भारत गौरव गाड्या आहेत, आयआरसीटीसीच्या, नोव्हेंबर २०२१ मध्ये योजना आली आणि २०२२ पासून गाड्या धावायला लागल्या. गाडीचं तिकीट, शाकाहारी जेवण, मुक्काम, स्टेशनवरून बस, प्रवास विमा, सगळं एका आकड्यात, आणि स्लीपरचा क्लास घेतला तर बराच कमी आकडा. त्यात मात्र एन्ट्री तिकीट, बोटिंग, कपडे धुणं, टिप हे तुमचं तुम्ही. आमच्या शेजारच्या काकू त्यानेच जाऊन आल्या आणि त्यांनी ते वरचे पैसे आधीच वेगळ्या डबीत ठेवले होते, हुशार बाई. आणि आपल्या यात्रा कंपन्या तर विसरूच नका, ज्यांच्या बसच्या टपावर गॅस, पातेली, पिठाची पोती असतात, आचारी सोबत असतो आणि हरिद्वारला गंगेच्या काठी वरण-भात-पोळी-भाजी पंगतीत वाढतात. ज्यांच्या आई-वडिलांना परक्या जागचं जेवण सोसत नाही त्यांच्यासाठी ह्याच्याइतकं चांगलं काही नाही, मला तर वाटतं ह्या आचाऱ्यांनी जेवढ्या म्हाताऱ्या माणसांना काशी दाखवली तेवढी कुणीच नसेल दाखवली.

आता सगळीकडेच पॅकेज चांगलं असं मी म्हणणार नाही. तोरणमाळला जायला पॅकेज कशाला पाहिजे, डबा घ्या, सकाळी निघा, यशवंत तलावाजवळ बसून खा. सारंगखेड्याच्या यात्रेत पॅकेजने काय बघणार, तिथं तर घोडे बघत आणि जिलेबी खात भटकायचंच असतं. इंदूरला गेलात आणि रात्रीचं जेवण हॉटेलात धरलेलं असलं तर सराफा बाजारात जाऊन खाणार कोण. जिथं रस्त्यावरचं खाणं हेच बघण्यासारखं आहे तिथं जेवणाचे पैसे आधी भरणं म्हणजे दुहेरी भरणं.

अजून एक गोष्ट मला टोचते. माझ्या मावसभावाचं अजिंठ्याच्या रस्त्याला छोटंसं हॉटेल आहे, शेवभाजी आणि पाटोडीचा रस्सा, हात चांगला आहे त्याचा. तो म्हणतो की ताई, पॅकेजच्या बसा माझ्या दारावरून जातात पण थांबत नाहीत, त्यांचं जेवण आधीच ठरलेलं असतं. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच केलं की केरळात रोज एक तरी चहा बाहेरच्या टपरीवर प्यायला, हॉटेलातला फुकट मिळत असून. वरच्या ६,४०० मध्ये ते पण आलं. ते मला खर्च वाटलंच नाही कारण बाकी कुठंच पैसे जाणार नव्हते, हात मोकळा होता.

हा हात मोकळा असणं म्हणजे काय ते मला तिथंच कळलं. इरविकुलमच्या राष्ट्रीय उद्यानात जायच्या दिवशी जोराचा पाऊस लागला, ऑक्टोबरात तिकडे परतीचा पाऊस असतो, आणि दुपारपर्यंत आम्ही हॉटेलातच अडकलो. रत्नागिरीला असं झालं असतं तर मी रडकुंडीला आले असते, दिवसाचे पैसे वाया गेले म्हणून. इथं आम्ही खालच्या हॉलमध्ये बसलो, भजी आली, चहा आला, परत भजी आली, ओमने तिसऱ्यांदा मागितली आणि कुणाकडे न बघता मागितली. मी ते बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दुपारी पाऊस थांबला मग गेलो, वन खात्याच्या बसने वर, आणि धुक्यातून ते निलगिरी ताहर, म्हणजे तिकडचे रानबकरे, एकदम अगदी जवळ आले, चरत होते, माणसांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आनैमुडी शिखर तिथूनच दिसतं म्हणे, २,६९५ मीटर, दक्षिण भारतात त्याहून उंच काही नाही, पण आम्हाला ढगच दिसले आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

आईचं वेगळंच. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं स्वतःचं ताट उचललं आणि धुवायला जागा शोधायला लागली. वेटर धावत आला. आई एकदम लाजली, पदर सारखा केला. नंतर मला म्हणते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की माझी आई मला असं बसल्या जागी द्यायची, झोक्यावरून उतरू द्यायची नाही. तिची आई जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी काही बोलले नाही, तिला अजून एक पायसमची वाटी आणून दिली.

आलेप्पीला हाऊसबोट. ही बोट मूळची भाताची पोती वाहायची, केट्टुवल्लम म्हणतात, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या असतात. बोटीवरच आचारी, बोटीवरच जेवण, संध्याकाळी साडेपाच-सहाला एका काठाला बांधून ठेवतात ती सकाळपर्यंत. नाना मात्र बोटीपेक्षा शेतं बघत होते. कुट्टनाडमध्ये भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, बांधाच्या अलीकडे पाणी वर आणि पलीकडे शेत खाली, पंप लावून पाणी बाहेर काढतात. नाना आयुष्यभर पाणी शेतात कसं आणायचं ह्याच्याच गोष्टी ऐकत आलेला माणूस, शेतातून पाणी बाहेर काढायचं हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. तासभर तसेच रेलिंगला उभे. आणि केळीचे चिप्स आले तर हातात घेऊन उजेडात बघितले, आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय त्याचा त्यांना फार अभिमान आहे, म्हणाले हे केळ वेगळं, नेंद्रन, आपल्यापेक्षा जाड. मग अजून घेतले. हात खिशाकडे गेला नाही.

शेवटच्या दिवशी कोची स्टेशनवर उतरताना मात्र त्यांनी खिशात हात घातला आणि बसच्या ड्रायव्हरच्या हातात दोनशे रुपये दिले. मी म्हटलं नाना, टिप धरलेली आहे ना. म्हणाले, "ती तुमनी. ही मनी." पाच दिवस ते त्याच्या केबिनमध्येच बसून होते, ह्याला मराठी येत नव्हतं आणि त्यांना मल्याळम.

घरी आल्यावर आठ दिवसांनी सामान लावताना नानांची डायरी सापडली, ह्या वेळी पण नेली होती, मला माहीत नव्हतं. सवयीप्रमाणे रोज एक पान. पहिल्या पानावर डाव्या बाजूला तारीख, मग "चहा", "पाणी", "तिकीट" असे रकाने पाडलेले आणि पुढे तिन्ही ठिकाणी आडवी रेघ. दुसऱ्या पानावर पण रकाने आहेत, रेघा आहेत, आणि खाली जागा उरली म्हणून की काय, लिहिलंय, "सकाळी धुके. खिडकीतून काही दिसले नाही." तिसऱ्या पानावर रकाने नाहीतच. "पाऊस. भजी. ओमने तीन प्लेट खाल्ली. रानबकरे पाहिले, माणसाला भीत नाहीत." आणि हाऊसबोटीच्या दिवशीचं पान पूर्ण भरलंय, दोन्ही बाजूंनी, पंपाचं चित्र काढलंय बाण दाखवून, बांधाची उंची अंदाजे, आणि अगदी खाली, "आचारी मुलगा बी.ए. झालेला आहे. सौ.ला दोनदा भात वाढला. ती नको म्हणाली नाही."